स्टुडिओ, दालन आणि वर्ग एकाच छताखाली: सार्वजनिक डिझाइन केंद्रात एकाने दुसऱ्याला गिळू नये म्हणून काय करावे?

मोजपट्टी

नमस्कार. रिकाम्या पडलेल्या एका जुन्या इमारतीत सार्वजनिक डिझाइन केंद्र उभारण्याचा आराखडा ज्या गटाकडे आहे, त्यात मी गेले काही महिने काम करत आहे. केंद्राचे तीन भाग ठरले आहेत: कारागीर आणि डिझायनर यांना भाड्याने मिळणारे स्टुडिओ, प्रदर्शनाची दालने, आणि वयाची किंवा पदवीची अट नसलेले शिक्षण. कागदावर हे तिन्ही भाग एकमेकांना शोभून दिसतात.

पण अशी केंद्रे पाहताना माझ्या मनात एक काळजी घर करून बसली आहे. प्रदर्शनाला गर्दी होते, म्हणून पैसा आणि माणसे तिकडे वळतात. स्टुडिओतील मंडळी हळूहळू निव्वळ भाडेकरू होतात, आणि शिक्षणाच्या नावाखाली सुटीतील दोन तासांची शिबिरे तेवढी उरतात. तिघांची दारे एकाच व्हरांड्यात उघडत असली, तरी कोणाचे कोणावाचून काही अडत नाही.

म्हणून माझा प्रश्न असा आहे की या तिघांना एकमेकांची खरोखर गरज असते का? असल्यास ती इमारतीत, नियमांत आणि वेळापत्रकात कशी बांधावी, म्हणजे दहा वर्षांनी व्यवस्थापक बदलले तरी ती टिकेल? ज्यांनी अशा ठिकाणी काम केले आहे, शिकले आहे किंवा शिकवले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुनी_पाने

हा प्रश्न डिझाइन केंद्रांइतकाच जुना आहे. लंडनमध्ये १८३७ साली सरकारी डिझाइन शाळा निघाली, ती कारखान्यांना चांगले नमुनाकार मिळावेत म्हणून. पुढे १८५१ चे मोठे औद्योगिक प्रदर्शन झाले, त्यातल्या काही वस्तू विकत घेण्यात आल्या आणि त्या प्रदर्शनाच्या आयोजकांपैकी एक असलेल्या हेन्री कोल यांच्या पुढाकाराने १८५२ मध्ये त्यांचे संग्रहालय सुरू झाले. आजचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय ते हेच. विद्यार्थ्यांनी आणि कारागिरांनी समोर ठेवून शिकावे, यासाठीच त्या वस्तू घेतल्या होत्या. म्हणजे संग्रह जन्माला आला तो शाळेच्या पोटी. १८५७ मध्ये हे संग्रहालय साउथ केन्सिंग्टनला गेले, तेव्हा दिवसभर राबणाऱ्या लोकांना संध्याकाळी येता यावे म्हणून तेथे गॅसचे दिवे लावले गेले. मोजपट्टी यांनी वेळापत्रकाचा उल्लेख केला आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो. उघडण्याच्या वेळेवरून केंद्र कोणासाठी आहे ते कळते.

दुसरे उदाहरण तुमच्या काळजीला थेट भिडणारे आहे. न्यूयॉर्कमध्ये पीटर कूपर यांनी १८५९ साली कूपर युनियन ही शिक्षणसंस्था सुरू केली. त्यांच्या नाती सारा आणि एलिनॉर ह्यूइट यांनी १८९७ मध्ये त्याच संस्थेत सजावटीच्या कलांचे संग्रहालय उघडले. विद्यार्थी, कारागीर आणि नमुनाकार यांनी येऊन वस्तू जवळून पाहाव्यात आणि त्यांची रेखाटने करावीत, अशी त्यामागची कल्पना होती. सहा दशके हे चालले. १९६३ मध्ये मात्र संस्थेने संग्रहालय बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. लोकांनी विरोध केला, त्या दशकाच्या अखेरीस संग्रह स्मिथसोनियन या अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालय-संस्थेकडे गेला आणि १९७६ मध्ये तो उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या जुन्या निवासात नव्याने उघडला. संग्रह वाचला ही मोठीच गोष्ट झाली. तरीही ज्या शाळेसाठी तो जमवला होता, तिच्यापासून तो तुटला, ही खंत राहतेच. म्हणून प्रदर्शनच बाकीच्यांना गिळते असे गृहीत धरू नका. ताळेबंद तपासायची वेळ आली की शाळाही दालनाला दार दाखवते.

उजेड

मी वस्तूंच्या जतनाचे काम करते. येथे तत्त्वांची चर्चा होईलच, पण भांडणाचे एक अगदी साधे कारण नजरेआड होऊ नये. कापड, कागद, जलरंग अशा नाजूक वस्तूंवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजण्याचे एकक) जास्त प्रकाश पडू देत नाहीत, कारण रंग एकदा उडाला की तो परत येत नाही. स्टुडिओत बारीक काम करणाऱ्या माणसाला मात्र किमान ५०० लक्स लागतात, रेखाटनाला त्याहूनही अधिक. म्हणजे एकाच मजल्यावर दहापट फरक आला. त्यात लाकडाचा भुसा, मातीची धूळ, रंगाची वाफ, यंत्रांची थरथर आणि भट्टीची उष्णता यांची भर घाला. दालनातील आर्द्रता स्थिर हवी, तर कुंभारकामाच्या खोलीत ओली माती दिवसभर सुकत असते.

माझ्या अनुभवात दालन आणि वर्कशॉप यांच्यात बंद भिंत आली, ती बहुतेक वेळा धुळीमुळे. कोणाची तशी इच्छा नव्हती. हवेचा मार्ग वेगळा काढायला सुरुवातीला पैसे ठेवले नव्हते, एवढेच. आराखड्यात धूळ खेचणारी यंत्रणा आणि मधली दुहेरी दारे आजच लिहून घ्या. इमारत उभी राहिल्यावर त्यांना जागा मिळत नाही.

फिरते_चाक

मोजपट्टी, तिघांना एकमेकांची गरज असते का, याचे उत्तर मला एका टेबलावर मिळाले, म्हणून ते सांगतो.

मी मातीची भांडी करतो आणि अशाच एका केंद्रात तीन वर्षे माझा स्टुडिओ होता. त्या काळात मी एका किटलीवर काम करत होतो. चहा ओतून झाला की शेवटचा थेंब तोटीच्या खालच्या अंगाने ओघळायचा आणि पोटावर डाग पडायचा. ओतण्याचा वेग मंदावला की पाणी तोटीच्या ओठाला चिकटते आणि धार सुटण्याऐवजी मागे वळते. ओठाची कडा पातळ आणि धारदार असेल, तर धार तुटते. पण मातीच्या भांड्यावर ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, चढतो आणि भट्टीत तो वितळला की तीच कडा गोल होते. मी एकामागून एक अकरा तोट्या केल्या. कोणाची कडा ग्लेझ पुसून कोरी ठेवली, कोणाचे टोक किंचित खाली वळवले, कोणाची तोंडे तिरकी कापली.

प्रदर्शनात अर्थातच शेवटची किटली जायची होती. तिथल्या एका शिक्षिकेने मात्र आग्रह धरला की अकराही तोट्या एका फळीवर बसवून खाली पन्हाळ ठेवावे, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवावा, आणि ज्याला वाटेल त्याने ओतून पाहावे. फलकावर एकच वाक्य होते: 'कोणती ठिबकत नाही आणि का?'

किटलीजवळ लोक आले, पाहिले आणि पुढे गेले. फळीपाशी मात्र ते थांबले. सात-आठ वर्षांची एक मुलगी प्रत्येक तोटीखाली बोट धरून बघत होती, सहाव्या तोटीला तिने बोट कडेवरून फिरवले आणि आईला म्हणाली, "ही टोचते, म्हणून गळत नाही." मी वर्षभर चाकावर बसून जे शिकलो, ते तिच्या बोटाला अर्ध्या तासात कळले होते. त्या आठवड्यात एका निवृत्त प्लंबरने मला ओठाच्या आतल्या बाजूला हलकी खोबण ठेवायला सुचवले, आणि पुढच्या किटलीत मी ती ठेवली.

त्या फळीला माझा स्टुडिओ हवा होता, दालन हवे होते आणि शिकवणारे माणूसही हवे होते. यातले एक जरी नसते, तरी अकरापैकी दहा तोट्या फुटक्या मातीच्या डब्यात गेल्या असत्या.

रेघोटी

फिरते_चाक यांच्या प्रतिसादासाठी हा धागा जपून ठेवत आहे.

आडवा_धागा

तोट्यांचा अनुभव सुंदर आहे, पण तो मोजपट्टी यांच्या गटाने चुकीच्या अर्थाने घेऊ नये, म्हणून वेगळी बाजू मांडते.

मी विणकर आहे. एका केंद्रात मला मिळालेल्या स्टुडिओला व्हरांड्याच्या बाजूने पूर्ण काचेची भिंत होती. काम लोकांना दिसावे हा हेतू चांगला होता, आणि करारात आठवड्याचे सहा दिवस पडदा उघडा ठेवण्याची अट होती. पहिल्या महिन्यात मला बरे वाटले. नंतर लक्षात आले की मी कामाचा क्रमच बदलला आहे. ताणा भरणे, मागाच्या वहीतून (ताण्याचे धागे वर-खाली उचलणाऱ्या दोऱ्यांतून) धागे ओवणे, चुकलेला धागा शोधण्यासाठी दोन तास उसवत बसणे, ही कामे मी रात्रीवर ढकलू लागले, कारण ती पाहण्यासारखी नसतात. दिवसा मी धोटा फेकत बसायचे, कारण काचेपलीकडे लोक तेवढ्यासाठीच थांबत. नवा नमुना करून पाहण्याचे धाडस तर मी जवळजवळ सोडूनच दिले. परक्या डोळ्यांसमोर माणूस जे हमखास जमते तेच करतो.

फिरते_चाक यांच्या फळीवर चुका होत्या, पण त्या करून झालेल्या, त्यांनी स्वतः निवडलेल्या आणि मांडलेल्या होत्या. चुका दाखवणे वेगळे आणि चुकत असताना दिसणे वेगळे. सार्वजनिक केंद्रातील कलाकाराला एकांताचा हक्क असला पाहिजे आणि तो करारात लिहिलेला असला पाहिजे. आठवड्यातून एक ठरलेली दुपार दार उघडे ठेवायला माझी आनंदाने तयारी असती. त्या दुपारी मी पाहुण्यांना ताणा भरायलाही बसवले असते.

करवत

आडवा_धागा यांच्याशी पूर्ण सहमत. वरच्या सगळ्या प्रतिसादांत मला एक माणूस मात्र दिसला नाही, तो म्हणजे वर्कशॉप सांभाळणारा. मी स्वतः तेच काम करतो.

स्टुडिओतील डिझायनर येतात-जातात, प्रदर्शने बदलतात, वर्गाची तुकडी संपते. लेथवर बसण्याआधी सैल बाह्या वर करायला लावणारा, चष्मा घातल्याशिवाय यंत्र सुरू करू न देणारा, आणि 'हा जोड या लाकडाच्या रेषेत टिकणार नाही' असे पहिल्या नजरेत सांगणारा माणूस मात्र रोज तिथेच असतो. शिकणाऱ्याला कारागिराकडे आणि कारागिराला शिकणाऱ्याकडे तोच पाठवतो. तरीही पदांच्या यादीत त्याचे नाव शेवटी येते आणि कपात करताना सर्वांत आधी.

बाउहाउस ही जर्मनीतील कला-डिझाइनची शाळा १९१९ मध्ये वायमारला सुरू झाली, तेव्हा प्रत्येक कार्यशाळेला दोन गुरू असत: एक रूपाचे शिक्षण देणारा कलावंत, दुसरा हाताचे कसब शिकवणारा कारागीर. विचार अतिशय चांगला होता, पण मान सारखा नव्हता. कलावंतांची नावे आज जगाला पाठ आहेत. कारागीर गुरूंची नावे अभ्यासकांनाच ठाऊक असतात. संस्था १९२५ मध्ये देसाऊला गेल्यावर ही जोडगुरूंची पद्धत मागे पडली आणि दोन्ही अंगांनी तयार झालेल्या आपल्याच विद्यार्थ्यांकडे तिने कार्यशाळा सोपवल्या. मार्सेल ब्रॉयर फर्निचरच्या कार्यशाळेवर आले, तर गुंटा श्टोल्झल पुढे विणकामाच्या प्रमुख झाल्या. हात आणि डोके एकाच माणसात आणणारी माणसे त्या संस्थेने सहा-सात वर्षांत स्वतः घडवली, ही मला तिची सर्वांत मोठी कमाई वाटते.

प्रदर्शनाच्या दबावाचे उदाहरणही तिथेच सापडते. संस्थेला पैसा देणाऱ्या प्रांतिक सरकारला काम दिसायला हवे होते, म्हणून १९२३ मध्ये मोठे प्रदर्शन भरवावे लागले. त्यासाठी सगळ्या कार्यशाळांनी मिळून एक पूर्ण घर उभारले आणि सजवले; ते हाउस आम हॉर्न आजही उभे आहे. दबाव होता खरा, पण सगळ्यांचे हात एकाच घराला लागले. मोजपट्टी, प्रदर्शन टाळता येत नसेल, तर ते तिन्ही भागांना एकत्र कामाला लावणारे असू द्या.

शब्दकळा

थोडे विषयांतर वाटेल, पण केंद्राच्या नावाचा विचार झाला आहे का? डिझाइनसाठी 'अभिकल्प' हा शब्द काटेकोर आहे, पण तो दारावर लिहिला, तर दार ढकलायला माणूस बिचकेल. 'रचना' ओळखीचा आहे, पण त्यात वापरणाऱ्याची बाजू येत नाही. 'डिझाइन' आता शिंप्यापासून सुतारापर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे, म्हणून माझे मत त्यालाच. नाव उच्चारताना कोणाला आपण कमी शिकलेलो आहोत असे वाटू नये.

ओसरी

मी वास्तुरचनाकार आहे. नावाबाबत शब्दकळा यांना माझा पाठिंबा आहे. आता इमारतीबद्दल लिहितो.

इमारत जुनी आहे हे तुमचे भाग्य समजा. सिंगापूरचे राष्ट्रीय डिझाइन केंद्र जुन्या कॉन्व्हेंट शाळेच्या इमारतीत आहे. हाँगकाँगमध्ये १९५१ साली पोलिसांच्या कुटुंबांसाठी बांधलेली घरे २०१४ पासून डिझायनरांचे स्टुडिओ आणि दुकाने झाली आहेत. फ्रान्समध्ये सेंत-एतिएन येथे शस्त्रांच्या जुन्या कारखान्याच्या आवारात २००९ मध्ये डिझाइन केंद्र उघडले, आणि तिथली कलाशाळाही त्याच आवारात आहे. सगळ्यांत भावते ते हाँगकाँगचे उदाहरण, कारण एका कुटुंबाची खोली एका कारागिराला बरोबर पुरते आणि समोरची लांब ओसरी सगळ्यांना एकमेकांच्या दारावरून चालायला लावते. नव्या बांधकामात हे प्रमाण साधणे फार अवघड असते.

याच्या दुसऱ्या टोकाला सोलचा दोंगदेमुन डिझाइन प्लाझा आहे. वास्तुरचनाकार झाहा हदीद यांची ही इमारत २०१४ मध्ये उघडली आणि तिच्या वळणदार अंगावर ४५,१३३ अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे आहेत. ती पाहून मी थक्क झालो, हे मनापासून सांगतो. पण अशा इमारतीत पहिले प्रदर्शन ती इमारत स्वतःच असते, आणि आत खिळा ठोकायचा, तरी हात कचरतो. तुमच्या इमारतीत खिळा ठोकता आला पाहिजे.

एक ठोस सूचना करतो. मुख्य जिना वर्कशॉपच्या पोटातून नेऊ नका, पण वर्कशॉपच्या बाजूने न्या, आणि जिन्याच्या वळणावर डोळ्याच्या उंचीला हातभर रुंदीची एकच खिडकी ठेवा. ती आतून बंद करता यावी. आडवा_धागा यांना हवा असलेला एकांत आणि येणाऱ्याची उत्सुकता, दोन्ही त्या खिडकीत सांभाळता येतील.

पाटी

शिक्षणाबद्दल फार कमी लिहिले गेले, म्हणून हा प्रतिसाद.

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारसाठी जो अहवाल लिहिला आणि ज्याच्या पाठोपाठ १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, त्यातला लोट्याबद्दलचा भाग मी दर वर्षी पहिल्याच तासाला घेते. त्यांनी लोट्याचे कौतुक केले, पण ते कौतुकापाशी थांबले नाहीत. त्यांनी प्रश्नांची रांग लावली. किती पाणी मावावे? तो डोक्यावर न्यायचा की कमरेवर? रिकामा असताना, भरलेला असताना आणि ओतताना त्याचा तोल कुठे असतो? तोंड केवढे असावे, म्हणजे भरताही येईल आणि आत हात घालून घासताही येईल? हाताला तो कसा लागतो, कशावर आपटला तर कसा वाजतो? हे प्रश्न ऐकल्यावर विद्यार्थी वस्तू हातात घेतात ती वेगळ्या रीतीने.

आता नेहमीच्या प्रदर्शनातील फलक आठवून पाहा: नाव, वर्ष, साहित्य, संग्रह क्रमांक. त्यात विचारण्यासारखे काही नसते. फिरते_चाक यांच्या फळीवर प्रश्न होता, म्हणूनच ती मुलगी थांबली. प्रत्येक दालनातील काही फलक तरी शिकवणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनी मिळून लिहावेत, असा नियमच करा.

आणि शिक्षण म्हणजे केवळ मुलांची शिबिरे नव्हेत. माझ्या संध्याकाळच्या वर्गात चाळिशी ओलांडलेली माणसे सर्वांत चिवट असतात, कारण ती स्वतःची अडचण घेऊन येतात. एका बाईंना संधिवातामुळे बरणीचे झाकण उघडता येत नव्हते. बारा आठवड्यांत त्यांनी पाच पकडी केल्या, आणि त्यातल्या चार स्वतःच टाकून दिल्या. त्या टाकलेल्या चार पकडी मला प्रदर्शनात पाहायला आवडल्या असत्या.

कोरा_कागद

सगळे वाचले. मन भरून येते, पण भाड्याचे काय? हे ठरले नाही, तर बाकीची चर्चा वाया जाईल. बाजारभावाने भाडे लावले, तर काही वर्षांत स्टुडिओंच्या जागी भेटवस्तूंची दुकाने येतील, कारण ते भाडे त्यांनाच परवडते. भाडे नाममात्र ठेवले, तर एकदा आत गेलेला माणूस बाहेर पडत नाही आणि नव्यांना दार बंद होते. ठरलेली मुदत, कमी भाडे आणि त्या बदल्यात शिकवण्याचे ठरावीक तास, हा एकच मार्ग मला दिसतो. जनतेच्या पैशाने चालणाऱ्या जागेत याचा हिशेब दर वर्षी दारावर लावलेला असावा.

आडवा_धागा

कोरा_कागद, मुदत फार आखूड ठेवू नका. मागाची जुळणी करून हात बसायलाच सहा महिने जातात. मला तीन वर्षांपेक्षा कमी मुदत अन्यायाची वाटते. आणि शिकवण्याच्या तासांत तयारीचे तासही धरले जावेत.

उजेड

पाटी आणि फिरते_चाक यांना एक पुरवणी. टाकलेले नमुने दाखवायचे, तर ते ठेवायचे कुठे, हा प्रश्न आमच्या क्षेत्रात आता उघडपणे विचारला जात आहे. रॉटरडॅमच्या बॉयमन्स संग्रहालयाने २०२१ मध्ये आपले कोठारच लोकांना खुले केले. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टनेही २०२५ मध्ये पूर्व लंडनमध्ये असेच खुले कोठार उघडले असून, तेथे आधी नोंदवून संग्रहातील वस्तू मागवून जवळून पाहता येते. तुमच्या केंद्राला एवढा संग्रह नसेल, पण उथळ खणांचे एक मोठे कपाट नक्की परवडेल. प्रत्येक स्टुडिओने मुदत संपताना आपल्या कामाचे काही कच्चे नमुने, काय फसले याच्या दोन ओळींसह त्यात ठेवावेत. माती, लाकूड, धातू यांना ५० लक्सचे बंधन नसते. ते खण कोणालाही उघडू द्या.

मोजपट्टी

सर्वांचे मनापासून आभार. कालच्या बैठकीत हा धागा छापून नेला होता, म्हणून मूळ प्रश्नाकडे परत येतो.

तिघांना एकमेकांची गरज असते का, असे मी विचारले होते. आम्ही आराखड्यात तीन भागांना तीन रंग दिले होते आणि त्यांच्यामध्ये बाण काढले होते. आता नकाशावर चौथी गोष्ट आली आहे: वर्कशॉप, दालन आणि वर्ग यांच्या मधोमध एक खोली, आणि तिच्यात उजेड यांनी सुचवलेले खणांचे कपाट व एक लांब टेबल. स्टुडिओतून काही आले की ते आधी या टेबलावर येईल, वर्ग तिथेच भरेल, आणि दालनात जायच्या वस्तू तिथूनच निवडल्या जातील. निवड करताना दालनाचा प्रमुख, एक शिक्षक आणि वर्कशॉप सांभाळणारा हे तिघेही हजर हवेत, असे नियमात घातले आहे. करवत, हे पद आता यादीत शेवटी नाही. तिन्ही भागांच्या अंदाजपत्रकात त्याचा वाटा लिहिला आहे, म्हणजे कोणा एकाला ते परस्पर काढता येणार नाही.

काचेच्या भिंती रद्द झाल्या. जिन्याची खिडकी आली, झडप आतून. स्टुडिओंची मुदत तीन वर्षे, आठवड्यातून एक दुपार दार उघडे, शिकवण्याच्या तासांत तयारी धरलेली. संध्याकाळी उशिरापर्यंत उघडे ठेवण्यावर मात्र एकमत झाले नाही; पहारेकऱ्यांच्या पाळ्यांचा खर्च पुढे आला. तो मुद्दा मी सोडणार नाही आणि पुढच्या बैठकीत गॅसच्या दिव्यांची गोष्ट सांगणार आहे.

कपाट मात्र पहिल्या दिवशी रिकामे असेल, याचे वाईट वाटते.

फिरते_चाक

रिकामे कशाला ठेवता? त्या तोट्या माझ्याकडे अजून एका खोक्यात आहेत. चौथी आणि नववी घर बदलताना फुटली, पण फुटल्यामुळे आतली भिंत किती जाड होती ते दिसते, म्हणून त्याही पाठवतो. प्रत्येकीबरोबर दोन ओळी लिहून देईन. खण मात्र अंगठ्याएवढा तरी खोल ठेवा, आणि खोलीत पाण्याचा नळ आहे ना, तेवढे कळवा.